एका नावाची दोन माणसं

माझं आणि माझ्या आजोबांचं नाव एकच. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे माझ्या वडिलांचं आणि पणजोबांचं नावही एकच. म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, घर नंबर, सगळं जुळतं आणि माणूस वेगळा. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. लहानपणी घरी टपाल आलं की पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून उंबऱ्यातूनच विचारायचे, "थोरल्यांचं का धाकट्याचं?" मी शाळकरी, मला क्वचितच काही यायचं, तरी ते दर वेळी विचारायचे. पाकिटावरून हे कळणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

हे आठवलं ते गेल्या वर्षी माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीमुळे. हातून घडली म्हणावं का, हाही प्रश्नच आहे, पण त्यावर पुढे येतो.

मी गावोगावच्या दूध संस्थांची सॉफ्टवेअर सांभाळतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, दहा दिवसांची बिलं, पशुखाद्याची उधारी, भाग भांडवल असा सगळा पसारा. त्यातल्या एका संस्थेची निवडणूक जवळ आली होती. मतदार यादी करायची तर आधी सभासदांची यादी नीट हवी, आणि ती तीस-पस्तीस वर्षांत चार सचिवांनी चार तऱ्हांनी लिहिलेली. आय नमुन्याच्या, म्हणजे सभासद नोंदीच्या, जाडजूड रजिस्टरातून ती कधीतरी संगणकात आली, मग जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आली, आणि त्या प्रवासात कुणाचा रफार गळला, कुणाची वेलांटी उलटली. एकच माणूस एका पानावर 'बाबासो', दुसऱ्यावर 'बाबासाहेब'. कुठे 'ज्ञानू', कुठे 'ज्ञानदेव'. बायकांचं नाव एका नोंदीत माहेरचं, दुसरीत सासरचं. साडेअकराशे नोंदींत दुबार किती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

हाताने करायचं तर महिन्याचं काम. ते मी एका एआय एजंटला दिलं. एजंट म्हणजे प्रश्न विचारल्यावर उत्तर देऊन थांबणारा चॅटबॉट नव्हे. त्याला डेटाबेस जोडून दिला की तो स्वतः क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, लिहितो, स्वतः चालवतो, निकाल बघतो आणि पुढे काय करायचं ते स्वतःच ठरवतो. मी त्याला लिहिलं, "दुबार सभासद शोध आणि यादी स्वच्छ कर."

आधी यादी दाखव, मग मी बघीन, मग सचिवांना विचारू, हे सगळं माझ्या मनात होतं. लिहिलं होतं ते फक्त 'स्वच्छ कर'.

सुरुवातीचं त्याचं काम बघून मला मनापासून आनंद झाला. बाबासो म्हणजे बाबासाहेब हे त्याला न सांगता कळलं. गळलेले रफार त्याने अंदाजाने परत लावले आणि बहुतेक बरोबर लावले. रात्री साडेअकराच्या सुमारास मी लॅपटॉप उघडा ठेवून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा त्याने कळवलं होतं की २१८ जोड्या सापडल्या आणि एकत्र केल्या, यादी आता स्वच्छ आहे. मी ते वाचलं, बरं वाटलं, झोपलो.

सकाळी सातच्या आत सचिवांचा फोन. "साहेब, चारशे बारा कोड लागत नाही म्हणतंय मशीन. नावानं शोधलं तर सदतीस नंबर येतोय आणि पुढं मयत लिहिलंय. पोरगं समोर उभं आहे की ओ, कॅन घेऊन."

मला क्षणात कळलं. सदतीस नंबर आजोबांचा, चारशे बारा नातवाचा. नाव एक, वडिलांचं नाव एक, आडनाव एक, पत्ता एक. आजोबा वारले तरी त्यांचे भाग अजून वारसांच्या नावावर झालेले नव्हते, म्हणून नोंद तशीच राहिलेली, शेऱ्याच्या रकान्यात 'मयत' एवढं लिहून. एजंटने नियम लावला होता की दोन नोंदी सारख्या दिसल्या तर जुना कोड मूळचा धरायचा आणि नवा त्यात मिळवायचा. नियम म्हणून यात खोट काढता येत नाही. मी एखाद्या नव्या मुलाला बसवलं असतं तर त्यानेही हेच केलं असतं. फरक इतकाच, की त्या मुलाचं दुपारपर्यंत दहा जोड्यांचं काम झालं असतं आणि अकराव्या जोडीला त्याने मला हाक मारली असती.

त्या पोराचं दूध सदतीस नंबरवर चढलं असतं, तर दहा दिवसांनी बिलाचे पैसे आजोबांच्या खात्यावर गेले असते. डेटाबेस मागे नेता येतो. बँकेत गेलेले पैसे कसे मागे नेणार?

रात्री दहाचा बॅकअप होता, तो चढवला. त्यात त्या सकाळचं संकलन नव्हतं. मग संस्थेत जाऊन बसलो आणि स्लिपांवरून सगळं परत भरलं. सचिवांनी घरोघर निरोप धाडून स्लिपा परत मागवल्या होत्या. थर्मल कागदाच्या त्या चिटोऱ्या, दुधाच्या ओल्या बोटांनी धरलेल्या, काहींवरचे आकडे पुसट झालेले. म्हैस, ४.६ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.१. एका बाईंनी स्लिप पदराच्या गाठीत बांधून आणली होती. ती उलगडून माझ्यासमोर ठेवली आणि आकडा भरून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. भरलेला आकडा मी त्यांना वाचून दाखवला, तेव्हाच गेल्या. स्क्रीनवर जी ओळ दिसते, तिच्या दुसऱ्या टोकाला असं कुणीतरी उभं असतं. मी चौदा वर्षं हे काम करतोय आणि इतक्या जवळून ते त्या दिवशी पाहिलं.

संध्याकाळी बदलांची नोंदवही उघडली. कुणी, केव्हा, काय बदललं, ते आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप लिहिलं जातं. २१८ ओळी, आणि प्रत्येक ओळीसमोर माझं नाव.

यात खोटं काहीच नव्हतं. एजंट माझ्याच लॉगिनने चालत होता. माझा पासवर्ड, माझे हक्क, माझं नाव. डेटाबेसच्या दृष्टीने आम्ही दोघं एकच. एका नावाची दोन माणसं ओळखता आली नाहीत म्हणून मी एजंटला दोष देत होतो, आणि नेमकी तीच सोय मी स्वतः करून ठेवली होती. आज पुष्कळ ठिकाणी एजंट असेच चालतात. काम सोपं जावं म्हणून माणूस आपलीच चावी त्याच्या हातात देतो. मग माणसाला जे जे करता येतं ते सगळं एजंटला करता येतं, फक्त माणसाची भीड आणि धाकधूक त्याच्याबरोबर जात नाही.

असं माझ्या एकट्याच्याच बाबतीत घडलेलं नाही, हे मला माहीत होतं. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकाने रेप्लिट या कंपनीच्या एजंटचा अनुभव जाहीरपणे लिहिला होता. काही बदलू नकोस अशी सूचना दिलेली असताना एजंटने त्यांचा चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात १,२०६ अधिकाऱ्यांच्या आणि जवळपास बाराशे कंपन्यांच्या नोंदी होत्या. वर आता मागे जाता येणार नाही असंही त्याने सांगितलं, जे चुकीचं निघालं. डेटा परत मिळाला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी हे घडायलाच नको होतं असं मान्य केलं आणि चाचणीचा डेटाबेस व चालू डेटाबेस आपोआप वेगळे राहतील अशी व्यवस्था सुरू केली. सूचना अधिक कडक शब्दांत द्या, असा उपाय त्यांनी सांगितला नाही. भिंत बांधली.

आणि हे काही एआयपासून सुरू झालेलं नाही. ५ एप्रिल २०२२ रोजी अ‍ॅटलासियन या कंपनीत एक जुनं अ‍ॅप काढून टाकायचं होतं. ज्यांनी यादी दिली त्यांनी अ‍ॅपचे क्रमांक द्यायच्या जागी ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे क्रमांक दिले. स्क्रिप्टने, म्हणजे ठरलेल्या आज्ञा चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, ते निमूट घेतले आणि २३ मिनिटांत ८८३ साइट पुसल्या. ७७५ ग्राहकांचं काम अडलं, आणि काहींना सगळं परत मिळायला चौदा दिवस लागले. तिथे कुठलाही एजंट नव्हता, होती ती एक आज्ञाधारक स्क्रिप्ट. यादी चुकीची आहे का, असं विचारणारं कुणी वाटेत उभं नव्हतं.

माझ्या डोक्यात त्या दिवसांत सारखा सातबारा येत होता.

आजोबा गेले तेव्हा वारस नोंदीसाठी वडिलांबरोबर मी तलाठी कार्यालयात जायचो. मी नुकताच नोकरीला लागलेला, डेटाबेस शिकलेला. एक नाव काढून चार नावं घालायची, एका ओळीचं काम, त्याला एवढे हेलपाटे का, म्हणून मी चिडायचो. आधी अर्ज आणि मृत्यूचा दाखला. त्यावरून वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये, मग फेरफार नमुना ६ मध्ये. मग संबंधितांना नोटिसा, चावडीवर नोटीस, हरकत घ्यायला पंधरा दिवस. एवढं झाल्यावर मंडळ अधिकारी येणार, बघणार आणि नोंद प्रमाणित करणार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५०. तलाठी सगळं लिहितो, पण लिहिलेलं लागू करायचा अधिकार त्याला नाही. हरकत आलीच तर प्रकरण ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं आणि तिथे सुनावणी होईपर्यंत सातबाऱ्याला हात लागत नाही.

आमच्या अर्जात धाकट्या आत्याचं नाव राहून गेलं होतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ती लग्न होऊन बेळगावकडे गेलेली, अर्ज लिहिणाऱ्याने भावंडांची नावं विचारली तेव्हा वडिलांनी गावातली सांगितली. चावडीवरची नोटीस वाचून शेजारच्या काकांनी आमच्या दारात येऊन सांगितलं, "अरे, धाकटीचं नाव नाही त्यात." वडील तसेच उठून गेले. पंधरा दिवस नसते तर ती चूक पक्की झाली असती, आणि पुढे कधीतरी कोर्टाची पायरी आली असती.

नोंद झाल्यावर उतारा हातात आला. आजोबांचं नाव पुसलेलं नव्हतं. त्याला कंस केला होता, आणि फेरफाराचा क्रमांक लिहिला होता. वडील त्या कंसाकडे बराच वेळ बघत राहिले. मला तेव्हा फक्त हे कळलं की नाव अजून वाचता येतंय.

सातबारा संगणकात आणताना चुका झाल्याच. त्यासाठी गावोगाव चावडी वाचन करावं लागलं, लेखनप्रमाद दुरुस्त करायला लोकांना कलम १५५ खाली तहसीलला खेटे घालावे लागले. हेलपाटे, दिरंगाई, टेबलाखालचा व्यवहार, यातलं काही मी विसरलेलो नाही आणि त्या सगळ्याचं समर्थनही करत नाही. पण त्या जुन्या रचनेत एक गोष्ट पक्की कळलेली होती. नोंद सुचवणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, आणि ज्याची नोंद आहे त्याला मध्ये बोलायला जागा. तलाठ्याला 'प्रमाणित करू नका' असं कुणी बजावून सांगत नाही. तो अधिकार त्याच्याकडे नसतोच.

संगणकाच्या जगातही ही समज जुनी आहे. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली माहितीच्या सुरक्षेवर एक निबंध लिहिला. कामाला लागेल तेवढाच हक्क द्यावा आणि शक्य तिथे कुलपाला दोन चाव्या ठेवाव्यात, ही तत्त्वं त्यात स्वच्छ मांडली आहेत. बँकेच्या लॉकरला आपली एक चावी आणि बँकेची एक लागते, ते याच विचाराचं रूप. पतसंस्थांत रोज नोंद करणारा 'मेकर' आणि ती तपासणारा 'चेकर' म्हणतात तेही तेच. सगळं माहीत असून मी एजंटला दोन्ही चाव्या एकत्र दिल्या होत्या.

मग मी काम नव्याने मांडलं. एजंटसाठी डेटाबेसमध्ये वेगळा वापरकर्ता केला, त्याच्या नावाने. सभासदांचं कोष्टक तो वाचू शकतो, तेही बँक खाते आणि आधारचे रकाने सोडून. बदलू शकत नाही, पुसू शकत नाही. आम्ही वापरतो त्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे दोन-चार ओळींचं काम आहे. त्याला लिहायला एकच जागा ठेवली, 'प्रस्ताव' नावाचं कोष्टक. कुठली नोंद, काय बदल, का वाटतं, एवढं तो तिथे लिहितो, आमच्या नमुना ६ सारखं. मंजूर प्रस्ताव लागू करणारा छोटा प्रोग्राम वेगळा, तो एजंटच्या हाती नाही. एका वेळी पंचवीसच्या वर प्रस्ताव तो घेत नाही. प्रस्तावानंतर मूळ नोंद बदललेली असेल तर प्रस्ताव आपोआप रद्द होतो. जितक्या ओळी बदलायला हव्यात त्याहून एक जरी जास्त बदलली तर तो सगळंच रोलबॅक करतो, म्हणजे पहिल्यासारखं करून ठेवतो. आणि कुठलीच नोंद पुसली जात नाही. ती 'बंद' होते, तारखेसह, प्रस्तावाच्या क्रमांकासह. माझ्या सहकाऱ्यांना मी त्या रकान्याचं नाव 'कंस' ठेवायला सांगितलं आणि ते तसंच ठेवलं आहे.

वाचायला मात्र मी अडवत नाही. अहवाल काढ, चुका शोध, आकडे जुळव, यात एजंट जे देतो ते मला चार माणसं ठेवूनही मिळालं नसतं. प्रत्येक पावलावर पंधरा दिवस बसवले तर दूध नासेल. एक नोंद दुरुस्त करायची असेल तर सचिवांनी बघून होय म्हटलं की पुरे. पण एका झटक्यात शेकडो नोंदी बदलायचा हक्क हा एका नोंदीच्या हक्काची शेकडो पट नव्हे. ती वेगळीच जात आहे. एक चूक असेल तर तो माणूस येऊन सांगतो. दोनशे चुका एकदम झाल्या की कोण कुणाची चूक सांगणार, आणि खरं काय होतं हे सांगायला कागद तरी कुठला उरतो?

एवढं बांधून मला वाटलं झालं. झालं नव्हतं. एजंटने तेच २१८ प्रस्ताव नीट लिहून ठेवले आणि मी मंजूर करायला बसलो. डावीकडे एक नोंद, उजवीकडे दुसरी, खाली हिरवं बटण. पहिल्या वीस मी डोळ्यांत तेल घालून बघितल्या. सगळ्या बरोबर. तिसाव्यापर्यंत बोट डोळ्यांच्या पुढे धावायला लागलं. एकसष्टाव्याला थांबलो, मागे जाऊन बघितलं, तर दोन जावा मी एक करून टाकल्या होत्या. नाव एकच, नवऱ्याचं नाव एकसारखं दिसणारं, एका अक्षराचा फरक. भिंत शाबूत होती. दारातला पहारेकरी पेंगत होता, आणि तो पहारेकरी मी होतो.

'शेवटी माणूसच मंजुरी देतो' हे वाक्य मी आता फार जपून वापरतो. दमलेल्या माणसासमोर दोनशे वेळा तेच बटण ठेवलं तर तिथे माणूस आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून ज्या जोड्यांत बँक खाते, मोबाइल आणि जन्मतारीख तिन्ही जुळतात त्या वेगळ्या काढल्या. ही जुळणी एजंटकडून न करवता साध्या क्वेरीने केली. उरलेल्या कागदावर छापल्या, फक्त जिथे फरक आहे तिथे ठळक अक्षरं. आणि मंजुरी माझ्याकडून काढून सचिवांकडे दिली. मला नोंदी माहीत आहेत, त्यांना माणसं माहीत आहेत.

सचिव त्याच्याही पुढे गेले. ती यादी त्यांनी संस्थेच्या फलकावर लावली आणि तीन दिवस संध्याकाळचं संकलन संपल्यावर व्हरांड्यात बसून मोठ्याने वाचली. लोक रिकामे कॅन बाजूला ठेवून ऐकत उभे. "हा आन् तो एकच, मुंबईला होता तवा वेगळं नाव लावायचा." "छे छे, ही आमची नव्हे, ही वरच्या आळीची." चारशे बारा नंबरचा तो मुलगाही आला होता. त्याच्या जोडीवर सचिवांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, फुली मारली, पुढची वाचली. त्या निमित्ताने आजोबांचे भाग वारसांच्या नावे करायचा अर्जही त्याने दिला.

२१८ पैकी १५७ खरोखर दुबार निघाल्या. ४४ जोड्यांत वेगवेगळी माणसं होती. त्या सगळ्या प्रस्तावांपुढे एजंटने 'खात्री आहे' असंच लिहिलं होतं.

राहिल्या १७. त्यांच्याबद्दल गावातही कुणाला नक्की सांगता आलं नाही. कुणी गाव सोडून गेलेलं, कुणाचं रजिस्टरातलं पान भिजलेलं, एका नोंदीत फक्त आडनाव आणि 'विधवा' एवढंच. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे आम्ही त्या तशाच कळवल्या, दोन्ही नावांसह. एजंट दर आठवड्याला यादी तपासतो तेव्हा त्या सतरा जोड्यांचे प्रस्ताव परत मांडतो, आणि ते 'प्रलंबित' मध्ये जाऊन पडतात. त्यांतल्या एका जोडीसाठी सचिवांनी मुंबईतल्या एका नातेवाइकांना पत्र टाकलंय. उत्तराची वाट बघतोय.